उसनं वर्ष

अरीज परीक्षा पास झाली त्या दिवशी तिच्या साहेबांनी, नायफ बेकनी, सगळ्या मजल्याला कुनाफा खाऊ घातला. ज्या माणसाने आजवर कुणाला पदरचा चहा पाजला नाही, त्याच्या केबिनमधून परातभर कुनाफा बाहेर आला, वर पिस्ता पेरलेला आणि पाकाने निथळणारा. बँकेतली माणसं बोटं चाटत खात होती आणि खाता खाता एकमेकांची तोंडं बघत होती.

"खा, खा," लुअय म्हणाला. तो अरीजच्या शेजारच्या टेबलावर बसायचा आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. "ईद जवळ आली की मेंढ्यालाही असंच चारतात. मेंढा बिचारा म्हणतो, काय प्रेमळ माणसं आहेत हो!"

"तुझ्या तोंडातून कधी गोड निघणार आहे का रे?"

"निघेल कसं, आत चाललंय ना सगळं."

अरीज हसली. हसावंसं वाटतच होतं. परीक्षा होती संगणकांच्या कारभाराची. यंत्रं दुरुस्त करायची ती विद्या वेगळी. यंत्रांबद्दलचा निर्णय कोणी घ्यायचा, त्यावर देखरेख कोणाची, धोका दिसला तर कोणाच्या कानावर घालायचा आणि बुडालं तर मान कोणाची पुढे करायची, हे ज्याला कळतं त्याला समुद्रापलीकडची एक संस्था हा दाखला देते. अम्मानमध्ये तो मिळवलेली माणसं फार नव्हती. बँकांवर नजर ठेवणाऱ्या खात्याने नुकतंच फर्मावलं होतं की या कारभाराच्या प्रमुखाच्या खुर्चीत दाखलेवालाच माणूस हवा. ती खुर्ची वर्षभर रिकामी होती.

अरीजने त्या खुर्चीवर डोळा ठेवला होता, यात लपवण्यासारखं काही नाही. चार वर्षं ती संचालकांच्या बैठकांचे कागद तयार करायची आणि फायली घेऊन दारापर्यंत जायची. मग आतून कोणीतरी हात लांब करून फायली घ्यायचा आणि दार लागायचं. तिला त्या दाराच्या आत बसायचं होतं, एवढीच तिची इच्छा.

पण परीक्षा म्हणजे नुसता साखरपुडा. दाखला मिळायला पाच वर्षांचा अनुभव लागे, आणि तो खरा आहे अशी ग्वाही वरच्या साहेबाने द्यावी लागे. अरीजकडे चार वर्षं होती. त्याआधी ती तळघरात होती, गिऱ्हाइकांची कार्डं छापायच्या खोलीत. तिने मनाशी ठरवलं होतं की आणखी वर्षभर थांबायचं.

कुनाफ्याची परात पुसून निघाली तशी नायफ बेकनी तिला आत बोलावलं.

"थांबायचं कशाला?" ते म्हणाले. "पाचवं वर्ष मी देतो की. तू संगणकांच्या सुकाणू समितीची सचिव होतीस."

"मी? बेक, मी तेव्हा खाली कार्डं छापत होते."

"समितीचे कागद छापायला खालीच यायचे ना?"

"कागद यायचे. मी कधी वाचलेसुद्धा नाहीत."

"अगं पोरी, समितीतल्या लोकांनी तरी कुठे वाचले होते!" ते पोट हलवून हसले. मग हसू थांबलं आणि ते जरा पुढे वाकले. "खुर्ची वर्षभर तुझी वाट बघणार नाही. बाहेरचा कोणीतरी येऊन बसेल. पुढे वीस वर्षं त्याच्या फायली उचलशील."

संध्याकाळच्या आत संस्थेकडून पत्र आलं: तुमच्या साहेबांनी पाचही वर्षांची ग्वाही दिली आहे, आता तुम्ही मान्य केलंत की अर्ज पुढे जाईल. ती बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. मग तिने मान्य केलं. कोणी तिचा हात धरून करवून घेतलं नव्हतं.

*

दुसऱ्या आठवड्यात लुअयने खुर्ची सरकवत जवळ आणली. आज त्याच्या तोंडावर चेष्टा नव्हती.

"ताई, तू ज्या समितीची सचिव होतीस, तिने त्या वर्षी काय केलं ते तरी ठाऊक आहे का तुला?"

"तुला कोणी सांगितलं?"

"भिंतींनी. ऐक. समितीने त्या वर्षी एकच काम केलं. अझरकच्या रस्त्यावरचं पर्यायी केंद्र विकत घेतलं, तपासलं आणि ठीक आहे म्हणून शेरा मारला."

पर्यायी केंद्र म्हणजे बँकेचं दुसरं काळीज. मुख्य इमारतीला आग लागो की पाणी शिरो, लोकांची खाती त्या दुसऱ्या जागेवरून चालू राहिली पाहिजेत. नाही राहिली तर सकाळी उठून माणूस विचारेल माझा पगार कुठे, आणि बँकेला स्वतःलाच ठाऊक नसेल. ते केंद्र बांधणारी कंपनी नायफ बेकच्या मेव्हण्याची, हे मात्र सगळ्या मजल्याला ठाऊक होतं.

"मग? ठीक नाही का ते?"

"मला काय माहीत? मी काय सचिव होतो?"

अरीजने बँकेची गाडी मागितली. गाडी लगेच मिळाली, तेही तिला खटकलं. एरवी गाडीसाठी तीन सह्या लागत.

शहर मागे पडलं, मग झाडं मागे पडली. काळ्या दगडांच्या माळावर एक पांढरी इमारत उभी होती, भोवती कुंपण. वाऱ्याने कुंपणाला प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या आणि त्या एकसारख्या फडफडत होत्या. पहारेकरी अबू फव्वाझ स्टोव्हवर किटली ठेवून बसला होता. तिला पाहताच उठला.

"या, या बाईसाहेब! तुमचीच वाट बघत होतो."

"माझी? मी येणार हे कोणी कळवलं?"

"कळवायचं कशाला? पाटी लागली की माणूस आज ना उद्या येणारच."

दाराशेजारी पितळी पाटी होती. अजून तिच्यावर बोटांचे डाग नव्हते. 'केंद्राच्या जबाबदार अधिकारी' असं लिहिलं होतं, आणि खाली अरीजचं नाव, वडिलांच्या नावासकट.

"ही कधी लावली?"

"मागच्या आठवड्यात. दोन माणसं आली, भोकं पाडली, चहासुद्धा न घेता गेली. म्हटलं, अशी कसली घाई?"

त्याने दार उघडलं. आत दिवे लागले आणि दोन्ही बाजूंना यंत्रांची उंच काळी कपाटं दिसली, काचेच्या दारांची, रांगेने उभी. पण आवाज नव्हता. यंत्रांच्या खोलीत पंख्यांची घरघर असते. तिथे बोलायचं तर ओरडावं लागतं. इथे तिला स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकू येत होता. आणि वास येत होता, ओळखीचा, स्वयंपाकघरातला.

तिने एक दार उघडलं. आत फळ्यांवर वर्तमानपत्र अंथरून झातरचा सुगंधी पाला वाळत घातला होता. दुसरं उघडलं, त्यातही झातर. तिसरं रिकामं होतं. शेवटच्या कपाटात एकच यंत्र होतं, अजून प्लास्टिकात गुंडाळलेलं.

अबू फव्वाझ ओशाळला. "बायको डोंगरावरून खुडून आणते. इथे धूळ नाही, ऊन नाही, फार छान वाळतो. काढून टाकू का, बाईसाहेब? आता तुमची जागा."

"राहू दे," अरीज म्हणाली.

परत येताना तिला सगळं लख्ख दिसलं. तिला कोणी वर्ष दिलं नव्हतं, वर्ष तिच्या गळ्यात बांधलं होतं. त्या वर्षी समितीत ती होती, असं आता तिने स्वतः मान्य केलं होतं. म्हणजे झातर वाळवायची ही कपाटं तिने घेतली, तिने तपासली आणि तिनेच ठीक म्हटली. आणि दाखला हातात पडला की कोणी असंही म्हणणार नाही की बिचारीला कळत नव्हतं. जिला कळतं अशी समुद्रापलीकडच्या संस्थेने ग्वाही दिलेली बाई ती. नायफ बेकना नेमकी तशीच बाई हवी होती.

ती थेट त्यांच्या केबिनमध्ये गेली.

"बेक, मी संस्थेला लिहिणार आहे. ते वर्ष माझं नाही, काढून टाका म्हणून."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी हातातली जपमाळ एकदा पुरती फिरवली.

"जाऊन आलीस वाटतं. हवा कशी होती तिकडे?"

"मी लिहिणार आहे."

"लिही ना. घाई काय? शुक्रवार जाऊ दे." मग ते सावकाश म्हणाले, "अबू मुतसिम कसे आहेत? सल्तमध्येच असतात ना अजून? माझा सलाम सांग त्यांना."

*

अबू मुतसिम म्हणजे अरीजचे वडील. मुतसिम हा थोरला मुलगा, तो परदेशात. सल्तच्या चढावरच्या पिवळ्या दगडाच्या घरात म्हातारा, त्याची विधवा बहीण हस्ना आणि अरीज अशी तिघंच राहत. म्हातारा एकेकाळी गावच्या समेटाच्या बैठकांत बसायचा. हळूहळू त्याला बोलावणारी माणसं गेली, आणि त्याच्या दिवाणखान्यातल्या गाद्यांवरचे अभ्रे कोणी न बसताच विटले.

गुरुवारी अरीज घरी पोचली तेव्हा आत्या हस्ना वाट्या घासत होती, कॉफीच्या, बिनकानाच्या, सणालाच निघणाऱ्या.

"उद्या जाहा येणार आहे आपल्याकडे!" आत्याचा आवाज आनंदाने चिरकला होता. जाहा म्हणजे मागणं घेऊन दारी येणारी वडीलधाऱ्यांची मंडळी, बहुतेकदा लग्नाचं मागणं. "अबू सतआम स्वतः येणार, गावातला एवढा मोठा माणूस, सोबत मानाची माणसं. फोनवर म्हणाला, अरीजच्या बाबतीत बोलायचंय. चौतीस वर्षं गं बाई, चौतीस! मी तर आशा सोडली होती. कोण आहे तो? बँकेतला आहे का?"

"आत्या, मला काही ठाऊक नाही. कोणीच नाही."

"असं कोणीच नसताना अबू सतआम चढ चढेल होय? त्याचे गुडघे बघ, आणि तुझं लाजणं बघ!"

अरीजने वडिलांकडे पाहिलं. म्हातारा झगा झटकत होता. कित्येक वर्षांत तो एवढा ताठ उभा राहिला नव्हता. बँकेतली गोष्ट सांगायचं तिच्या ओठावर आलं होतं. तिने विचार केला, पाहुणे होऊन जाऊ देत, मग सांगू. तिथे ती चुकली.

शुक्रवारी दुपार कलताना, अस्रच्या नमाजानंतर माणसं आली. बायकांनी स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाही, हा रिवाज. अरीज दाराच्या फटीशी उभी राहिली. सगळ्यांत पुढे अबू सतआम, रुंद खांद्यांचा, पांढऱ्या दाढीचा. मागे चार-पाच प्रौढ माणसं. आणि सगळ्यांत शेवटी, नवऱ्या मुलाच्या जागी उभा राहावा तसा, खाली मान घातलेले नायफ बेक.

तिने आत्याचा दंड धरला.

"आत्या, जा. बाबांना बाहेर बोलव. आत्ताच्या आत्ता."

"वेडी का खुळी? जाहा बसलीय आत!"

"आत्या, तुझ्या पाया पडते. ते लग्नाला आलेले नाहीत. तो माझा साहेब आहे, त्याला बायको आहे, तीन पोरं आहेत!"

आत्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ती दाराकडे वळली, पण तोवर आत कॉफी फिरली होती. अबू सतआमने वाटी घेतली, ओठाला न लावता समोर जमिनीवर ठेवली. आपल्याकडे मागणं घेऊन आलेला माणूस असंच करतो. मागणं मान्य झालं की तो कॉफी पितो. नाही झालं तर वाटी तशीच भरलेली सोडून उठतो, आणि मग तो डाग त्या घरावरून पुसत नाही.

"अबू मुतसिम," अबू सतआम म्हणाला, "आम्ही तुमच्या दारी मागायला आलोय."

रिवाज असा की पाहुणा मागणं बोलतो आणि मग यजमान उत्तर देतो. पण लग्नाच्या जाहेत सगळं आधीच ठरलेलं असतं, मागणं ऐकणं नुसतं नावाला. आणि म्हाताऱ्याच्या घरी इतक्या वर्षांनी मोठी माणसं आली होती. त्याला धीर धरवला नाही. त्याने छातीवर हात ठेवला.

"अबू सतआम, कॉफी प्या. ज्यासाठी आलात ते दिलं!"

स्वयंपाकघरात अरीजने डोळे मिटले.

अबू सतआम क्षणभर थबकला. त्यालासुद्धा एवढ्या सहज मिळेल असं वाटलं नसावं. मग त्याने वाटी उचलली आणि प्याला. त्याच्यामागोमाग सगळे प्याले. नायफ बेकनी शेवटचा घोट घेऊन, पुरे म्हणून वाटी हलवून परत दिली.

"अल्ला तुमचं घर आबाद ठेवो," अबू सतआम म्हणाला. "मागणं लहानच आहे. नायफ माझ्या बहिणीचा मुलगा. तुमची मुलगी त्याच्या हाताखाली. तिच्या नोकरीच्या एका वर्षावरून दोघांत थोडं काहीतरी झालंय. ते वर्ष जसं लिहिलंय तसं राहू द्यावं, मुलीने पुढे काही लिहू नये, बोलू नये. बस, एवढंच."

म्हाताऱ्याचा हात अजून छातीवरच होता. तो खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही.

*

माणसं गेल्यावर तो गादीवर बसून राहिला.

"कसलं वर्ष, पोरी?"

तिने सगळं सांगितलं. ज्या वर्षावर तिने स्वतः हो म्हटलं तेही सांगितलं. म्हाताऱ्याला संगणक कळत नव्हते, पण रिकामी कपाटं कळली.

"आणि ते सगळं कोसळलं तर?"

"लोकांच्या खात्यांचं काय होईल कोणालाच सांगता येणार नाही. मग कोर्ट विचारेल, ठीक म्हणून कोणी सांगितलं."

"आणि तुझं नाव निघेल."

"हो."

"त्या माणसाला काय करतात?"

"तुरुंगात घालतात, बाबा."

म्हाताऱ्याने डोक्यावरच्या रुमालाची काळी दोरी काढली आणि मांडीवर ठेवली. "मी न विचारता दिलं," तो म्हणाला. "आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो, आधी ऐका, मग बोला. आणि स्वतःच्या दारात..."

"चूक माझीही आहे. खुर्चीसाठी मीही न विचारताच घेतलं."

"आता काय करता येईल?"

"संस्थेला लिहिता येईल. वर्ष काढतील, दाखला जाईल. नोकरीही जाईल बहुतेक. पण तुमचा शब्द..."

"शब्द मोडायचा नाही," तो उठत म्हणाला. "परत मागायचा. मागून मिळाला तर बरं. नाही मिळाला तरी लोकांना कळू दे की मी मागितला होता."

शब्द परत मागायलाही सोबत माणसं लागतात. एकटा माणूस जाहा होत नाही. म्हातारा शेजारी तीन दारांवर गेला. एकाची कंबर धरली होती. दुसऱ्याकडे पाहुणे होते. तिसऱ्याच्या बायकोने दार न उघडताच सांगितलं की ते घरात नाहीत, आणि आत त्याचा खोकला ऐकू आला. अबू सतआमच्या विरुद्ध त्या चढावर कोणी उभं राहणार नव्हतं.

तो परत आला तेव्हा अरीज दारात बूट घालून उभी होती.

"मी येते."

"जाहेत बाई? लोक हसतील."

"हसू देत. वर्ष माझं आहे."

आत्या हस्ना मागून म्हणाली, "जा घेऊन तिला. आता आणखी काय जायचं राहिलंय?"

पलीकडच्या चढावर अबू सतआमच्या दिवाणखान्यात दुपारचीच माणसं बसली होती, जेवण उरकलेली. बापाला आणि लेकीला पाहून बोलणी बंद पडली. कोणी उठलं नाही, पण वाटी पुढे आली, कारण आलेल्याला वाटी द्यावीच लागते. म्हाताऱ्याने ती घेतली आणि जमिनीवर ठेवली.

"अबू सतआम, मी न ऐकता दिलं. जे माझं नव्हतं ते दिलं. मला माझा शब्द परत द्या."

"दिलेला शब्द आणि फुंकलेला धूर, अबू मुतसिम," अबू सतआम म्हणाला. "परत कसा येणार?"

"तुम्ही म्हणालात तर येईल."

"आणि उद्या लोक म्हणतील, अबू सतआमने दुपारी घेतलं आणि दिवस मावळायच्या आत परत केलं."

कोपऱ्यातून नायफ बेक गोड आवाजात म्हणाले, "काका, कॉफी निवतेय. अरीजचं भलंच होणार आहे. तिला खुर्ची मिळेल. मी तिला मुलीसारखी मानतो."

"मुलीच्या गळ्यात कोणी असली पाटी बांधत नाही," अरीज म्हणाली.

दिवाणखान्यात बाईचा आवाज घुमला आणि सगळ्यांच्या माना वळल्या. नायफ बेकच्या हातातली जपमाळ थांबली. अबू सतआमने त्यांच्याकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. क्षणभर वाटलं, तो विचारेल: कसली पाटी? त्याने विचारलं नाही. ज्याला विचारायचं नसतं त्याचे डोळे जसे एकदम दूर जातात, तसे त्याचे गेले.

वाटीतली वाफ केव्हाच गेली होती. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत चढत छताला लागलं. कोणी 'प्या' म्हणालं नाही.

म्हातारा लेकीकडे वळला. "कुठून लिहायचं असतं ते?"

"फोनवरून होईल."

"लिही."

ती त्या सगळ्यांसमोर उभी राहून लिहू लागली. शब्द पुन्हा पुन्हा पुसावे लागत होते. सुकाणू समितीत मी कधीच नव्हते. त्या वर्षी मी कार्डं छापत होते. हे ठाऊक असूनही मी मान्य केलं. तिने पाठवलं, आणि दारापलीकडच्या त्या खुर्चीशी असलेलं तिचं नातं तिथेच तुटलं. तिला रडू आलं नाही. फक्त हात फार हलके वाटले, जसे काहीतरी निसटून पडल्यावर वाटतात.

"गेलं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"गेलं."

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. वाटी जिथे ठेवली होती तिथेच होती, काठोकाठ. अबू सतआमचा चेहरा पहिल्यांदा उतरला. त्याच्या घरात भरलेली वाटी सोडून आजवर कोणी उठलं नव्हतं.

"ती पिऊन जा, अबू मुतसिम," तो खालच्या आवाजात म्हणाला. "अजून वेळ आहे. याचं पुढे काय होईल ते माझ्या हातात राहणार नाही."

"तुमच्या हातात होतं तेव्हा तुम्ही मागितलं नसतंत तर बरं झालं असतं."

बाहेर अंधारून येत होतं. चढाच्या पायऱ्यांवरून दोघं उतरू लागले, म्हातारा भिंतीला हात लावत, अरीज त्याच्या कोपराला धरून. येताना उघडी असलेली दारं बंद होती. खिडक्यांत दिवे होते, पण माणसं मागे सरकून उभी होती. पायऱ्या संपल्या, सडक लागली.

मागे, अबू सतआमच्या पायऱ्यांपाशी उभ्या असलेल्या एका गाडीचं इंजिन सुरू झालं. दिवे लागले नाहीत. गाडी त्यांच्या चालीने मागून येऊ लागली. ती पुढे जात नव्हती आणि थांबतही नव्हती.

"बाबा, कोणीतरी मागे आहे."

"माहीत आहे," म्हातारा म्हणाला. "वळून बघू नकोस. आणि पाय उचल, पण पळू नकोस."

तिने त्याचा हात घट्ट धरला. घर अजून बरंच लांब होतं.